मशीनने न ओळखलेली पेंड

आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. घरच्या मायक्रोवेव्हपेक्षा थोडं मोठं. काचेच्या वाटीत दळलेली पेंड भरायची, वाटी आत ठेवायची, बटण दाबायचं. मिनिटभराच्या आत स्क्रीनवर आकडे येतात. ओलावा इतका, प्रथिनं इतकी, तेल इतकं, तंतू इतके. ॲसिड नाही, भट्टी नाही, धूर नाही. कुणी लॅब बघायला आलं की मी हे मशीन सगळ्यात शेवटी दाखवते, कारण ते बघून प्रत्येकजण एकच विचारतो, "एवढ्या लगेच कसं काय कळतं?"

दोन पावसाळ्यांपूर्वीपर्यंत मला हा प्रश्न फार आवडायचा.

मी पाटण तालुक्यातली. मोरणेच्या खोऱ्यात आमचं गाव. पाटणच्या स्टँडवरून एसटीने आत जायचं, फाट्यावर उतरायचं आणि वर चढायचं. घरी आई, अण्णा, दोन म्हशी आणि एक रेडी. पलीकडच्या भिंतीला तात्यांचं घर. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांच्याकडे एकच म्हैस होती, पण डेअरीच्या सेंटरवर तिच्या दुधाचं फॅट लागलं की मागे रांगेत उभे असलेले लोक मान वर करून आकडा बघायचे.

आमच्याकडे पाऊस एवढा की ज्वारीचं काही खरं नसतं. भात होतं. त्यामुळे गव्हाणीत कडबा कमी आणि भाताचा पेंढा जास्त. पेंढ्यात प्रथिनं असतात जेमतेम तीन-चार टक्के. त्यानं जनावराचं पोट भरतं, चरवी भरत नाही. म्हणून सरकी पेंड आणावी लागते. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफ हा पाया धरून ठरतो. आकडा पॉइंटने घसरला की दर घसरतो. वाण्याचं बिल, लाइटचं बिल, माझ्या कॉलेजची फी, सगळं त्या पॉइंटावर चाललं. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले ते या दोन म्हशींच्या जिवावर, आणि नोकरी लागली तीही जनावरांच्याच खाद्याची, सांगली जिल्ह्यातल्या एका पशुखाद्य कारखान्याच्या लॅबमध्ये. अण्णा गावात सांगायचे, "आमची पोरगी पेंडीची डॉक्टर हाय."

*

आधी मशीनबद्दल सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

१८०० साली विल्यम हर्षल नावाच्या माणसाने सूर्याचा प्रकाश लोलकातून पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून बघितलं. हर्षल आधी संगीतकार होता, नंतर खगोलशास्त्रज्ञ झाला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. न दिसणारा उजेड सापडला होता. आपण त्याला इन्फ्रारेड म्हणतो. त्यातला तांबड्याला लागून असलेला पट्टा, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा, म्हणजे निअर इन्फ्रारेड. आमचं मशीन याच पट्ट्यात काम करतं.

पाणी, प्रथिन, चरबी, पिष्ट या सगळ्यांच्या रेणूंत हायड्रोजनचे बंध असतात आणि ते स्प्रिंगसारखे हलत असतात. कुठला बंध कुठल्या लांबीचा प्रकाश गिळणार हे ठरलेलं असतं. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास भरपूर गिळतं. पेंडीवर प्रकाश टाकायचा आणि परत किती आला ते मोजायचं. काय गिळलं गेलं त्यावरून आत काय आहे याचा अंदाज येतो.

अडचण अशी की या सगळ्या खुणा एकमेकांत मिसळलेल्या असतात. यात्रेत चार गावांचे ढोल एकदम वाजायला लागले की आपल्या गावाचा कुठला ते कसं ओळखायचं, तसं. हे काम जमवलं कार्ल नॉरिस या अमेरिकी इंजिनियरने. तिथल्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात तो कामाला होता. सुरुवात केली अंड्यांपासून, उजेडात धरून अंड्याची प्रत बघण्यापासून. तिथून तो धान्याच्या ओलाव्यावर आला, आणि १९७६ साली त्याने सहकाऱ्यांबरोबर चाऱ्याची प्रत या प्रकाशावरून सांगता येते असं दाखवणारा शोधनिबंध लिहिला. आज जगभरच्या खाद्य कारखान्यांत जी मशीनं आहेत, त्यांची वंशावळ तिथे जाते.

यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नीट लक्षात आली नव्हती. मशीन प्रथिन मोजत नाही. त्याला आधी शिकवावं लागतं. सरकी पेंडीचे शेकडो नमुने घ्यायचे, प्रत्येकाचं प्रथिन जुन्या पद्धतीने, ॲसिडमध्ये उकळून काढायचं, आणि मग मशीनला तो नमुना दाखवून तो आकडा सांगायचा. असं शेकडो वेळा केलं की मशीन नव्या नमुन्याबद्दल बोलू शकतं. ते म्हणतं, "असा प्रकाश परत देणाऱ्या पेंडीत आजवर साधारण इतकं प्रथिन निघालेलं आहे." त्याचं सगळं ज्ञान हे ओळखीचं ज्ञान आहे.

हे मला कॉलेजात एकदा दिसलं होतं. शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट बोकडाच्या मटणावर होता. २०१३ साली आयर्लंडमध्ये बीफच्या बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं आणि युरोपभर गोंधळ उडाला. ते सापडलं डीएनए तपासणीत, पण त्यानंतर मांस झटपट तपासायच्या प्रत्येक पद्धतीकडे लोकांचं लक्ष गेलं. आमच्या सरांनाही त्यात रस होता. मी मटणाचा खिमा करून मशीनखाली ठेवायचे. ओलावा आणि चरबी बऱ्यापैकी बरोबर यायची. पण मटण शिजल्यावर मऊ लागेल की चिवट, हे काही केल्या जमेना. मऊपणा स्नायूच्या धाग्यांच्या रचनेत असतो, आणि खिमा केला की रचनाच मोडते. खिमा न करता ठेवलं तरी आकडे इकडे-तिकडे पळायचे.

मामाला हे सांगितलं तर तो हसला. यात्रेचं बकरं घ्यायला गेला की तो मणक्यावरून आणि बरगड्यांवरून अंगठा फिरवतो आणि ठरवतो. त्याने विचारलं, "मग तुझ्या मशीनला अंगठा न्हाई व्हय?"

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'मऊपणाच्या अंदाजासाठी अधिक नमुने आवश्यक.' मार्क चांगले मिळाले.

*

त्या वर्षी जुलैत पाऊस लागून राहिला होता. अण्णांचा फोन आला. एक व्यापारी टेम्पो घेऊन गावात आला होता. सरकी पेंड नेहमीपेक्षा पोत्यामागं दोनशे रुपयांनी स्वस्त देत होता. अण्णांनी आठ पोती उतरून घेतली होती, चार आपल्याला आणि चार तात्यांना. पैसे आठवड्याने द्यायचे ठरले होते.

"नमुना पाठवतो. बघ की जरा मशीनवर," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावातला एक पोरगा कराडला कामाला येत होता, त्याच्याबरोबर पिशवी आली. मुठीने भरलेली पेंड, दुधाच्या पिशवीत, तोंडाला रबर. शनिवारची दुपार होती आणि पाचच्या आत कारखान्याच्या मालाचे बावीस नमुने संपवायचे होते. मी घरची पेंड दळली, मध्येच वाटी घुसवली.

प्रथिन २२.६. सरकी पेंडीला शोभेल असा आकडा.

त्याच्या शेजारी, उजव्या कोपऱ्यात, आणखी एक आकडा होता. पिवळ्या रंगात, ३.४.

हा आकडा प्रथिनाचा नाही. तो अंतराचा आहे. मशीन नव्या नमुन्याची तुलना शिकवलेल्या सगळ्या नमुन्यांशी करतं आणि हा त्या घोळक्यापासून किती लांब उभा आहे ते सांगतं. तीनच्या आत असेल तर ठीक. तीनच्या वर गेला की अर्थ असा की हा माझ्या ओळखीतला नाही, मी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, जुन्या पद्धतीने तपासा. कारखान्याच्या मालात असा पिवळा आकडा आला असता तर मी नमुना बाजूला काढला असता. तो नियमच आहे, आणि मी नव्या पोरांना तोच शिकवते.

पण ही घरची पेंड होती. पावसाळी हवेत आली, थोडी ओलसर झाली असेल, म्हणून लांब दिसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अण्णांना फोन केला. "पेंड चांगली आहे. घाला."

मागून आईचा आवाज आला. "तिला म्हणावं वास बघ एकदा. मला न्हाई बरी वाटत ही. नाकात झोंबतंय."

मी म्हणाले, "अगं आई, मशीनवर बघितलंय."

हे वाक्य मी किती सहज बोलले ते मला अजून ऐकू येतं.

*

आईने आमच्या म्हशींना ती पेंड घातली, पण अर्धं-अर्धं घमेलं, जुन्या पेंडीत मिसळून. तिचं मन घेत नव्हतं. तात्यांच्या घरी तसं काही कारण नव्हतं. पोरीने मशीनवर तपासलेली पेंड आहे, आणि म्हैस पाचव्या महिन्याची गाभण. तात्या घमेलं भरून घालत होते.

पहिलं पोतं नीट गेलं. पोत्याच्या तळाला आल्यावर तात्यांना पेंडीत पांढरट खडे दिसले. पावसाने गोळे झाले असतील असं समजून त्यांनी ते हातानेच फोडले आणि आंबोणात कालवले. ती संध्याकाळ होती.

तासाभरात म्हैस थरथरायला लागली. तोंडातून फेस, पोट फुगलेलं, उभं राहता येईना. अण्णांनी डॉक्टरांना फोन लावला. ओढ्याला पाणी होतं, त्यांना वळसा घालून यावं लागलं. त्यांनी फोनवरच थंड पाणी आणि व्हिनेगर पाजायला सांगितलं. व्हिनेगर आमच्या गावात कुणाच्या घरी असणार? डॉक्टर पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. म्हैस त्याच्या थोडी आधी गेली.

मला फोन आला तो आईचा. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तात्याची म्हस गेली. तू उद्या ये."

रविवारी सकाळी मी कराडवरून पाटणची एसटी धरली. कोयना दुथडी भरून चालली होती. घरी पोचले तर तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "आलीस? चहा घे आधी." दुसरं काहीही बोलले नाहीत. डॉक्टरांनी युरियाचा संशय सांगितला होता. तो शब्द घरात कुणी माझ्यासमोर उच्चारला नाही.

त्या संध्याकाळी अण्णांनी आमची रेडी सोडली आणि तात्यांच्या मोकळ्या दावणीला नेऊन बांधली. तात्या म्हणाले, "हे काय करतूयास दादा." अण्णांनी उत्तर दिलं नाही.

*

सोमवारी मी तात्यांच्या पोत्याच्या तळातली पेंड लॅबमध्ये नेली. शनिवारचा माझा नमुनाही ड्रॉवरमध्ये होता. दोन्ही जुन्या पद्धतीने तपासले.

जुनी पद्धत म्हणजे केल्डाल. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने ती १८८३ साली काढली. नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, त्यातला नायट्रोजन काढून मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरलेलं आहे, त्यावरून हा ६.२५. म्हणजे केल्डालही प्रथिन मोजत नाही. तो नायट्रोजन मोजतो आणि प्रथिन आहे असं धरून चालतो.

युरिया करणाऱ्याला नेमकं हेच माहीत असतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे २८७. शंभर किलो पेंडीत एक किलो युरिया टाकला की कागदावरचं प्रथिन जवळपास तीन टक्क्यांनी वाढतं. जुनी, हलकी, निम्मी टरफलंच असलेली पेंडही मग कागदावर भारी दिसते. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं त्यामागे हाच हिशेब होता. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, आणि तपासणी नायट्रोजनची. लाखो मुलं आजारी पडली, सहा बाळं गेली.

माझ्या शनिवारच्या नमुन्याचं केल्डाल आलं २७. मशीनने २२.६ सांगितलं होतं. तळातल्या पेंडीचं आलं ३६. सरकी पेंड कधीच ३६ नसते, निदान आमच्याकडे टरफलासकट मिळते ती तरी.

मग मी एक अगदी साधी चाचणी केली, जी शनिवारी करायला दहा मिनिटं लागली असती. पेंड थोड्या कोमट पाण्यात भिजवून गाळली. त्या पाण्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ घालून हलवलं आणि थोडं थांबून लाल लिटमस कागद बुडवला. सोयाबीनमध्ये युरीएज नावाचं एंझाइम असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. कागद निळा झाला. दुधातला युरियाही घरी असाच बघता येतो, सोयाबीन नसेल तर तुरीच्या डाळीचं पीठ चालतं.

आईच्या नाकाला झोंबत होता तो अमोनिया होता. पावसाळ्यात पेंड ओलावली होती आणि युरिया थोडा-थोडा फुटायला लागला होता.

इथे युरियालाही न्याय द्यायला हवा. तो म्हशीला मुळात विष नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू युरियापासून स्वतःचं प्रथिन बनवतात आणि ते जनावराच्या उपयोगी पडतं. शंभर किलो भाताच्या काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून मारायचा आणि २१ दिवस झाकून ठेवायचं, ही पद्धत सरकारी शिबिरांत शिकवली जाते, आणि ती चांगली आहे. जीव जातो तो मापाने. सवय नसलेल्या जनावराच्या पोटात एकदम जास्त गेला की अमोनिया यकृताला आवरत नाही. आमच्या पोत्यात तो सारखा मिसळलेलाही नव्हता. वर कमी, तळाला खड्यांनी. आणि माझा नमुना वरच्या एका मुठीचा. आमच्या कारखान्यात ट्रकमधल्या पोत्यांना वर, मध्ये, खाली परखी मारल्याशिवाय मी नमुना घेत नाही.

तो युरिया कुणी, कुठल्या टप्प्यावर टाकला ते कळलं नाही. व्यापाऱ्याने उरलेली पोती गुपचूप उचलून नेली, पैसेही मागितले नाहीत. बिल नव्हतंच, त्यामुळे तक्रार तरी कशावर करणार. स्वस्त मिळालं की आपण बिल मागत नाही.

*

त्या आठवड्यात मी मशीनच्या मॅन्युअलमधलं अंतराचं प्रकरण पुन्हा वाचलं. त्या अंतराला महालनोबिस अंतर म्हणतात. प्रशांतचंद्र महालनोबिस, कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी करणारे. त्यांनी हे माप १९३६ साली मांडलं, आणि त्याचा उगम माणसांच्या मोजमापात आहे. डोक्याची लांबी, नाकाची रुंदी, उंची, अशा अनेक मापांवरून दोन गट एकमेकांपासून किती लांब आहेत हे एका आकड्यात कसं सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. नव्वद वर्षांनी तो आकडा एका पेंडीच्या शेजारी पिवळ्या रंगात उभा होता आणि मला सांगत होता की ही आपल्यातली नाही.

लोकांना वाटतं मशीन चुकलं. गावात अजून तसंच म्हणतात, "मशीनचं काय खरं असतंय." मला ते ऐकून घ्यायला सोपं जातं, म्हणून मी बरेच दिवस दुरुस्त केलं नाही. मशीनचा आकडा चुकला हे खरं. पण आपण चुकत असू हे त्याने सांगितलं होतं. आईनेही सांगितलं होतं. दोघांनीही आपापल्या भाषेत 'ओळखीची वाटत नाही' एवढंच म्हटलं होतं. शहाणी मी होते.

या सगळ्यात मला पाटणचेरूच्या एका अभ्यासाचा आधार वाटला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला ज्वारी-बाजरीवर काम करणारी इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून आहे, आणि जनावरांवर काम करणारी इल्री ही संस्थाही तिथून काम करते. तिथल्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याचा अभ्यास केला. दुधाच्या गोठ्यांसाठी तिथे कडबा यायचा, आणि तो रायचूर वगैरे नावांनी ओळखला जायचा. विकणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे कसलंही मशीन नव्हतं. बघायचे, मोडायचे, दर ठरवायचे. शास्त्रज्ञांनी नमुने तपासले तर दिसलं की ज्याला जास्त भाव तो कडबा खरोखर जास्त पचणारा होता. पचनीयतेतला फरक पाच टक्क्यांच्या आसपास, आणि भावातला फरक पाव हिश्श्याहून जास्त. पाच टक्क्यांचा फरक ती माणसं हाताने आणि डोळ्यांनी ओळखत होती.

तिथल्या लोकांनी यावरून मशीन फेकून दिलं नाही. उलट निअर इन्फ्रारेडवर हजारो नमुने तपासून, दाणाही चांगला आणि कडबाही चांगला असे ज्वारीचे वाण शोधायच्या कामाला लागले. हजारो नमुने नाकाने तपासता येत नाहीत. पण काय तपासायचं, हे त्यांनी बाजारातल्या माणसांकडून घेतलं.

*

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी तात्यांना सांगितलं. तीन महिने टाळलं होतं. ते गोठ्यात रेडीला वैरण टाकत होते. मी म्हणाले, "तात्या, त्या दिवशी मशीनवर एक खूण आली होती. तपासून बघा म्हणून. मी बघितली आणि सोडून दिली."

त्यांनी पेंढ्याचा कवळा खाली ठेवला. "म्हंजी मशीननं सांगितलं हुतं?"

"हो."

"मग तू का न्हाई ऐकलंस?"

"घरची पेंड होती म्हणून. बाहेरची असती तर बघितलं असतं."

ते बराच वेळ रेडीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "मी बी वास बघितला न्हाई. तू सांगितलंस म्हणून." आणि कवळा उचलून पुन्हा कामाला लागले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, आमच्या लॅबमध्ये पिवळा आकडा आला की रिपोर्ट प्रिंटच होत नाही, अशी सेटिंग करून घेतली. साहेबांना सांगावं लागलं का ते. सगळं सांगितलं. दुसरी गोष्ट अजून चालू आहे. आमच्या मशीनला पाटण माहीत नाही. त्याला शिकवलेले नमुने सगळे सपाटीवरचे, कारखान्यात येणारे. आमच्या डोंगरातलं गवत, नाचणीचं काड, भुईमुगाचा पाला, पावसात भिजून वाळलेला पेंढा, यातलं काहीच त्याने बघितलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी नमुने गोळा करते. आई बरोबर येते. मारवेल, पवना, कुसळी ही नावं मला तिने शिकवली. कुठलं गवत जनावर आधी खातं, कुठलं शेवटी, कुठलं फुलावर यायच्या आत कापायचं, हे ती सांगते आणि मी वहीत लिहिते. प्रत्येक नमुना आधी ॲसिडमध्ये उकळायचा, मग मशीनला दाखवायचा. आतापर्यंत ६४ झाले. शेकड्यांनी लागतात.

मागच्या मार्चमध्ये मी सांगलीला निघाले तेव्हा तात्या फाट्यापर्यंत आले. हातात सुतळीने बांधलेली गवताची पेंडी होती. "वरच्या अंगाचं हाय. म्हस हे आवडीनं खायाची," म्हणाले. एसटीत ती मी मांडीवर घेऊन बसले.

लॅबमध्ये ते गवत वाळवलं, दळलं, वाटीत भरलं. मशीनने प्रथिन ७.२ सांगितलं, आणि शेजारी पिवळ्या रंगात ५.१. म्हणजे त्याला या गवताची काहीच ओळख नव्हती. मी ७.२ खोडलं, वाटीवर 'तात्या, वरचं अंग' असं लिहिलं आणि केल्डालच्या रांगेत ठेवली.